बॉनेटवरची वर्तुळं

आमची काळी गाडी सावलीत नवीकोरी दिसते. उन्हात काढली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल ओरखडे उमटतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ते फेर धरतात आणि मी एक पाऊल सरकलो की तेही माझ्याबरोबर सरकतात.

हे ओरखडे बाबांच्या हातचे. दर रविवारी आईच्या जुन्या साडीचं कोरडं फडकं घेऊन ते धुळीवरूनच गोल गोल पुसायचे. "बाबा, आधी पाणी मारा, धुळीनेच रंग खरवडतो," मी कितीदा सांगितलं. ते हसायचे आणि हात फिरवत राहायचे.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी नीट पॉलिश करून सगळे ओरखडे घालवले. आता दोन बादल्या घेतो, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी, आणि हात सरळ रेषेत चालवतो. तरी महिन्याभरात वर्तुळं परत येतात. गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकता येतात, चष्मा खणात ठेवता येतो. त्याच्या हाताचं वळण कुठे ठेवायचं?

आज पुसताना हेच मनात घोळत होतं. वरच्या गॅलरीतून आईने हाक मारली, "अहो, पुरे आता. चहा निवतोय."

आईने मला कधीच अहो म्हटलेलं नाही. मी वर पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, अगदी शांतपणे.

मग खाली पाहिलं. दोन्ही बादल्या अजून रिकाम्याच होत्या, आणि माझ्या हातात साडीचं कोरडं फडकं गोल गोल फिरत होतं.