कशापेक्षा बेटर?

लातूरला मी इंग्रजीची शिकवणी घेते. ‘मोअर बेटर’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. बेटरमध्येच ‘जास्त’ आलं, त्यावर पुन्हा मोअर कशाला? पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोरांना मी एक सवय लावली आहे. बेटर दिसलं की विचारायचं, कशापेक्षा?

अण्णा, म्हणजे आमचे वडील, नांदेडच्या दवाखान्यात होते तेव्हा हाच प्रश्न मी भावालाही विचारायचे. धाकटा भाऊ अर्धापूरजवळ आमची केळी बघतो. बाग गड्यावर सोडून तोच अण्णांपाशी थांबला होता. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

“अक्का, अण्णा बेटर हायेत.”

“कशापेक्षा?”

“कालच्यापेक्षा. माझी शाळा घेऊ नको.”

मला तेवढं पुरायचं. मग मी निवांतपणे स्वयंपाकाला लागायचे.

एका दुपारी शिकवणी चालू असतानाच त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“अक्का, सुट्टी देऊन राहिले! डॉक्टर म्हणले, घरी नेलेलं बेटर.”

“कशापेक्षा म्हणाले?”

“आता कशापेक्षा काय? दवाखान्यापेक्षा! हितं घरच्यावानी हाय का?”

वाक्यात चूक नव्हती. पण ‘घरी नेलेलं बरं’ असं डॉक्टर कधी म्हणतात, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेच इंग्रजीतून ऐकून हा फसला, असं मला वाटलं. त्याचा रागही आला. मी म्हटलं, फोन डॉक्टरांना दे.

डॉक्टर म्हणाले, “औषधं आता लागू पडत नाहीत. थोडेच दिवस आहेत. घरच्या माणसांत राहू द्या त्यांना.”

“भावाला हे माहीत आहे?”

“कालच स्पष्ट सांगितलंय, मराठीत. ते नुसते हो म्हणतात आणि पुन्हा येऊन तेच विचारतात.”

भावाने फोन परत घेतला. मग अगदी हळू विचारलं, “अक्का, बेटरच म्हणले ना डॉक्टर?”

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी आवाज मी मास्तरणीचाच ठेवला.

“हाव. बेटरच म्हणले.”

“मंग तू कवा येतीस?”

“आत्ताच निघते. मी येईपर्यंत अण्णांना एकटं सोडू नको.”