तोंड माझं आहे

हुडकेश्वरच्या प्रेमिला गजभिये सीताबर्डीतल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरवर उभ्या होत्या. वय छप्पन्न, पण गिऱ्हाइकं पंचेचाळिशीच्या पुढे अंदाज बांधत नसत.

त्यांच्या आईनं कुहीजवळच्या धानाच्या शेतांत, उन्हात उघड्या तोंडानं राबत जन्म काढला. पन्नाशीच्या आतच तिचा चेहरा भेगाळला. निम्मा उन्हानं, निम्मा तंबाखूनं. लग्नानंतर प्रेमिलाबाईही तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा खाऊ लागल्या. बत्तिसाव्या वर्षी आरशात ओठांभोवती आईच्याच रेघा दिसल्या आणि त्यांनी हातातली पुडी नालीत टाकली. आठ दिवस डोकं ठणकलं, चिडचिड झाली, पण पुन्हा खर्ऱ्याला हात लावला नाही. मग घराबाहेर पडताना तोंडाला दुपट्टा बांधायचा, दिवसभर पाणी प्यायचं, दहाच्या आत झोपायचं, हे नेमानं सुरू झालं.

सासू हसायची. "कोणाले दाखवायचं आहे वं हे तोंड?"

"मले," प्रेमिलाबाई म्हणायच्या आणि दुपट्ट्याची गाठ घट्ट करायच्या.

मागच्या एप्रिलात दुकानमालक वैभवनं सुरकुत्यांवरचं एक महागडं क्रीम आणलं. दिवाळीत काढलेला प्रेमिलाबाईंचा फोटो त्यानं न विचारता मोठा करून दारात लावला. खाली छापलं होतं : 'वय छप्पन्न. रहस्य, ही डबी.'

"वैभवभाऊ, हे काढा," त्या म्हणाल्या. "मी हे कधी लावलंच नाही."

"काकू, कोण विचारायले येते? सगळेच असं करतात."

विचारायला त्याच दुपारी उन्नती नावाची एक शिक्षिका आली. डबी हातात धरून तिनं फोटोकडे पाहिलं, मग प्रेमिलाबाईंकडे.

"काकू, खरंच यानं एवढा फरक पडला?"

"फोटो माझाच आहे. पण ही डबी मी अजून उघडूनही पाह्यली नाही."

वैभव गल्ल्यावरून उठला. "काकू, जरा आत या."

"काहून आत येऊ? बाईंनी मले विचारलं, मी सांगून राहिली." त्या उन्नतीकडे वळल्या. "खर्रा सोडला, ऊन झाकलं, झोप मोडली नाही. चोवीस वर्षं झाली. आता डोळ्यांजवळ पाहा, आहेतच सुरकुत्या. त्या कोणाच्या थांबतात? वेळेच्या आधी येऊ देल्या नाही, एवढंच."

उन्नतीनं डबी परत ठेवली आणि उन्हापासून बचावाचं एक साधं मलम घेऊन ती गेली.

"दुकान माझं आहे, काकू," वैभव दात आवळून म्हणाला.

"तोंड माझं आहे."

प्रेमिलाबाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि सगळ्यांदेखत फोटो उतरवला. उतरवताना एक कोपरा फाटला. त्यांनी त्याची नीट गुंडाळी केली आणि आपल्या पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, खोकी भरायला पाठवलं. आपण थकून माफी मागू असं वैभवला वाटतंय, हे त्यांना कळत होतं. दीड महिना त्या खोकी भरत राहिल्या. माफी मागितली नाही. भर उन्हाळ्यात एक दिवस भोवळ आली, तेव्हा मात्र खाली येऊन त्यांनी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं.

घरी मुलगी दीक्षा चिडली. "आई, एका फोटोपायी अकरा वर्षांची नोकरी सोडली तू?"

"मी चोवीस वर्षं जे केलं ते त्यानं डबीत भरलं वं. ते मी कशी विकू देऊ?"

दोन आठवड्यांनी दीक्षानंच ओळखीच्या प्रणालीच्या औषधांच्या दुकानात शब्द टाकला. दुकान लहान, पगार कमी. प्रणालीनं विचारलं, "काकू, तुमची काही अट?"

"जे मी वापरत नाही, ते वापरते असं सांगणार नाही."

"चालते," प्रणाली म्हणाली. "उद्या नऊ वाजता या."

प्रेमिलाबाई पावणेनऊलाच पोचल्या.