टाकीवरचे पंजे

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. अख्ख्या गावाला भूत दाखवणारा केमिस्ट कधी पाहिलाय? हा काय, समोर बसलाय!

नव्वद सालानंतरची गोष्ट. शिरवळजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात मी नवाकोरा लागलो होतो. तिथलं सांडपाणी गाळून स्वच्छ दिसायचं, पण त्यात औषधाचा डोळ्यांना न दिसणारा अंश उरायचा. तो मोडून काढायला अतिनील दिव्यांचं नवं यंत्र आलं. सरपंच हिराबाईंनी सही केली तरच त्यातलं पाणी ओढ्याला सुटणार, नाहीतर यंत्र बंद. आणि यंत्र बंद म्हणजे माझी नोकरीही बंद!

नवरात्रात एके दिवशी बाई चार माणसं घेऊन आल्या. मी यंत्रात न घातलेलं पाणी ग्लासात धरून म्हटलं, "यात अजून औषध आहे."

"आवं, पानी तर निवळशंख हाय! दिसंना त्ये हाय कसं म्हनायचं?" बाई म्हणाल्या.

चार वेळा समजावलं. छे! मग पडदे ओढले आणि यंत्राच्या टाकीतले, काचेखालचे दिवे लावले.

खोलीभर जांभळट उजेड पसरला. पाण्याची झुळझुळ तेवढी ऐकू येत होती. माणसांच्या टोप्या आपोआप उजळल्या. आणि टाकीवर हळूच पाच बोटं उमटली. पिवळी-हिरवी. शेजारी दुसरा पंजा!

"ह्यो कुनाचा हात रं?" कोणीतरी पुटपुटलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सकाळीच तर ती टाकी मी स्वतः पुसली होती!

पण शास्त्र शिकलेला माणूस ना मी? दोन्ही हात वर करून ओरडलो, "घाबरू नका! भूतबित काही नसतं!"

चौघंही मागं सरले. "सायेब... तुमचं हात!"

बघतो तर माझे तळवे तसेच पेटलेले, पार नखांपर्यंत! दारातून पहिला कोण पळाला असेल? मीच!

आता तुमच्यापासून लपवलेलं सांगतो. त्या दिवशी खंडेनवमी. आईनं बजावलं होतं म्हणून सकाळी कोणी नसताना मी यंत्राची पूजा केली, टाकीवर हळदीचे दोन पंजे उठवले. कारखान्याचे साहेब हसतील म्हणून लगेच पुसले आणि हात साबणानं धुतले. कुठंच काही दिसेना. उरलीसुरली हळद त्या उजेडात चमकते हे मी पुस्तकात वाचलेलं. पण धाबं दणाणल्यावर पुस्तक आठवतंय कुणाला?

हिराबाई मागोमाग बाहेर आल्या. माझा हात धरून त्यांनी वास घेतला.

"हळद हाय की वो ही! पुजा केलीसा व्हय?"

मी मान खाली घातली. लाज वाटली हो, खरंच.

"धुतलं, दिसंना, तरी उरलीच. आत्ता कळलं तुमी मगाधरनं काय सांगत हुता त्ये!"

"मग सही?"

"आदी ह्ये हात धुवा. त्ये पानी घाला मशीनीत. मागनं पिवळं दिसलं न्हाई, तर सही."

हात घासघासून धुतले, त्या उजेडात पिवळं चमकणारं ते पाणी यंत्रात घातलं. निघालेल्या पाण्यात पिवळं टिपूसही चमकलं नाही. बाईंनी तिथल्या तिथे सही केली!

मग साहेबांनी मला चाचणीचा अहवाल लिहायला बसवलं. नमुना कशाचा, या रकान्यात माझ्या हातानं लिहावं लागलं: 'केमिस्टच्या हाताचं धुवण.'