छत्रीखालची वाटी

धामणगाव बढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, जनकाबाईला दाखवल्याबिगर रानातली छत्री, म्हणजे अळंबी, कुणाच्या चुलीवर चढत नसे. डोळे तिचे कधीचेच अधू झाले होते. पण ती डोळ्यांनी ओळखतच नव्हती. दांड्यावरून बोट खाली नेई, पार बुडापर्यंत. वारुळातून येणाऱ्या खायच्या छत्रीला उंदराच्या शेपटीसारखं लांब मूळ. विषारीच्या बुडाशी वाटी, फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी. एक वाटी बोटाला लागली की अख्खी टोपली उकिरड्यावर. तिच्या पाठच्या भावानं, कचरूनं, लहानपणी तसली खाल्ली होती. दिवसभर ओकला, दुसऱ्या दिवशी उठून खेळला, तिसऱ्या दिवशी गेला.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. सून पंचफुला सहा महिन्यांची पोटुशी होती. दोन वर्षांत या घरात तिनं काही मागितलं नव्हतं. डोहाळा लागला तो नेमका छत्र्यांच्या भाजीचा. नागपंचमीला वारुळाला लाह्या वाहायला गेली अन् पदरात छत्र्या घेऊन आली.

जनकाबाईनं एक उचलली. बोट खाली नेलं, तर दांडा मधेच संपला.

"बूड कोठी गेलं वं?"

"वरूनच खुडल्या, आत्याबाई. आज माती उकरत नाई न."

"मंग म्या काय नागोबाले इचारू?"

पंचफुला हसली नाही. जनकाबाईनं सगळ्या छत्र्या फेकल्या. सून भांडी घासायला बसली. म्हातारी कान देऊन ऐकत होती. एकच पितळी गंज, केव्हाचा घासला जात होता.

"चाल. हात धर माहा."

"कोठी?"

"वारुळावर."

तिथं जनकाबाईनं हात जोडले. "नागोबा, पोटुशी पोर हाय. रागवायचं तं मले रागव." अन् खुरपं न लावता, नुसत्या बोटांनी खुडलेल्या दांड्यांभोवतीची माती सारली. बहुतेकांना मुळं होती. पळसाच्या अंगाला दोन निघाल्या, त्यांना वाटी होती. तिनं सुनेचं बोट धरून त्या वाटीत ठेवलं.

"हिनंच नेलं माह्या कचरूले."

पंचफुलानं बोट काढलं अन् किती तरी वेळ पदराला पुसलं.

तीन दिवसांनी नव्या छत्र्या उगवल्या. या खेपेला पंचफुलानंच एकेक चाचपून मुळासकट काढली. संध्याकाळी भाजी झाली. जनकाबाईनं आधी स्वतःला वाढून घेतली अन् उरलेलीवर झाकण ठेवलं.

"सकाळी खाय."

"काऊन? तुमचा माह्या बोटावर भरोसा नाई?"

"हाय. पण तू दोन जिवांची हाय."

सकाळी पंचफुला आधी सासूच्या खाटेपाशी आली. "आत्याबाई, जित्या हाय न?"

"नाई. मेली कालच. जेव आता."

सुनेनं भाकरी मोडली. शिळी भाजी चवीनं खाल्ली.

"मीठ कमी पडलं."

"हाव. मले कालच लागलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

जनकाबाईनं मिठाचं गाडगं चाचपून शोधलं अन् तिच्याकडं सरकवलं.