घाटातली बाई

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री स्टेशनवर ट्रेन लेट होती. बाकावर शेजारी बसलेल्या मराठी काकांनी मी न विचारताच दक्षिण आफ्रिकेच्या ट्रिपचे फोटो दाखवायला सुरुवात केली. घाट खरंच देखणे होते. एका फोटोत वळणावर तिथलीच एक बाई फुलं विकत उभी होती. काकांनी फोनमध्ये फोटो एडिट करत स्क्रीनवर तिच्यावरून बोट फिरवलं आणि ती नाहीशी झाली. मग त्यांनी ते बोट पँटला पुसलं.

"बघ, आता कसं स्वच्छ दिसतंय!"

माझं डोकंच फिरलं. "का पुसलंत तिला?"

"अगं, व्ह्यू खराब करत होती."

तेवढ्यात समोर आपल्या मैत्रिणीचा फोटो काढणाऱ्या एका गोऱ्या तरुणाने आम्हाला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. काका "सॉरी, सॉरी" करत लगबगीने उठले.

मी जागची हलले नाही.