शेवंतीमावशीची जागा

गुंतवणूकदारांना शेवंतीमावशी 'पाव्हणे' म्हणायची. आमच्या कंपनीसाठी भांडवल मिळवायला मी मुंबईला जाऊन आले की तिचा एकच प्रश्न, "काय गं पोरी, पाव्हण्यांना पसंत हाय का?" जणू कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन मीच उभी होते! मी हसायचे. पण तिचं फार चुकतही नव्हतं. तेही गोड बोलायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि गप्प बसायचे.

मावशी मखमलाबादची. शेतात शेवंती, आणि पहाटे फुलबाजारात सासूपासून चालत आलेली ठरलेली जागा. तिथे जागेला कागद नसतो. रोज बसेल त्याची जागा. चार दिवस दिसला नाहीत की शेजारीण आपलं गोणपाट पसरते. म्हणून मावशी अंगात ताप असला तरी जाऊन बसायची.

आम्ही शेतातली फुलं थेट घरोघरी पोचवायचो. पहिल्या पाव्हण्यांनी पैसे दिले, पण अट घातली, की शेतकऱ्यांनी सगळा माल आम्हालाच द्यायचा.

"म्हंजे बाजारात बसायचंच नाय?" मावशीने विचारलं.

"कशाला बसतेस उन्हातान्हात? आता याहून मोठे पाव्हणे येणारेत," मी छातीठोकपणे सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवून जागा सोडली. तिचा हसरा फोटो मी पाव्हण्यांना दाखवायच्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर लावला.

मोठे पाव्हणे आलेच नाहीत. सगळ्यांनीच हात आखडता घेतला, आणि 'सध्या वातावरण थंड आहे' हे ऐकून ऐकून माझे कान किटले. कंपनी बंद पडली. मला नोकरी मिळाली, मावशीला जागा परत मिळाली नाही. ती बाजाराजवळच्या पुलाच्या तोंडाशी टोपली घेऊन उभी राहू लागली. पोलिसाने हटकलं की टोपली उचलायची, पुढे सरकायचं. मी तो रस्ताच टाळायचे. लाज वाटायची, दुसरं काय! तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा एका फंडातून फोन आला. म्हणाले, पैसा पुन्हा सुटायला लागलाय, कंपनी परत उभी करणार असाल तर या भेटायला. मी हरखून जुनं सादरीकरण उघडलं, तर पहिल्याच पानावर मावशी हसत होती. तशीच उठले आणि पुलापाशी गेले.

"मावशी, पाव्हणे परत बोलवतायत."

"मग जा की! चांगलं हाय." तिने मूठभर शेवंती माझ्या ओंजळीत घातली. मी पाकिटाला हात लावला तर डोळे वटारले. मग हळूच म्हणाली, "या खेपेला फोटो दुसऱ्या कुणाचा लाव, पोरी. आन् तिला आधीच सांग, पाव्हणे कितीबी गोड बोलू दे, बाजारातली जागा सोडू नको म्हणावं."