माश्यांचं दार

लॅबमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत, फ्रिजमागच्या धुळीसारखे आपोआप साचतात. त्यात कर्जतच्या आमच्या कॉलेजात नसीम माझ्या हाताखाली पीएचडीला आली, ती बिननांगीच्या मधमाश्या घेऊनच! या इवल्याशा माश्या झाडांचा चीक आणि मेण कालवून राळ करतात. त्या राळेतलं नेमकं काय जंतूंना मारतं, हा तिचा विषय. राळ यायची जवळच्या कडाव गावाहून, तिच्याच घराच्या भिंतीतल्या पोळ्यातून.

*

पहिल्यांदा राळ आणायला आमच्याबरोबर विभागातले पाटील सर आले, भर उन्हात रेनकोट आणि हेल्मेट घालून!

"सर, यांना नांगीच नसते," नसीम म्हणाली.

"ते मला माहीत आहे गं. त्यांना माहीत आहे का?"

आम्ही पोट धरून हसलो. माश्या मात्र आमच्याच केसांत शिरून चावल्या. सर खुशाल चहा पीत बसले!

*

जंतू वाढवायच्या पहिल्या प्लेटमध्ये राळेच्या अर्काभोवती जंतू वाढलेच नाहीत. स्वच्छ गोल! त्याला आम्ही झोन म्हणतो. नसीमने पेढे वाटले.

मग मी शेजारची, राळ ज्यात विरघळवली त्या नुसत्या स्पिरिटची प्लेट दाखवली. तिथेही झोन! बाईसाहेबांनी स्पिरिट उडूच दिलं नव्हतं. पुन्हा केल्यावर गोल आला तो राळेभोवतीच. लहान, पण खरा.

"खऱ्याचे पेढे वेगळे!" पाटील सर म्हणाले.

*

नसीमची अम्मी राळ जेमतेम वाटाण्याएवढी काढू द्यायची. "सगळी नको काढूस गं, त्यांचं दार हाय ते."

ईदआधी घर रंगवताना ती माश्यांच्या भिंतीतल्या भोकाभोवतीची जागा स्वतःच्या हाताने सोडायची. अब्बा चिडायचे, "घर माजं, आन् मान माश्यांना! एकदा सिमेंटच भरतो."

*

गेल्या थंडीत अम्मी गेली. आम्हा सगळ्यांनाच फार लागलं ते.

ईद जवळ आली. नसीम लॅबमध्ये असताना अब्बांचा फोन आला, "रंग झाला गं घराचा." तिचा चेहराच उतरला. पोळं गेलं तर काम बुडणार होतंच, पण तिला रडू आलं ते कामासाठी नव्हे. मी स्कूटर काढली.

भिंत नवीकोरी हिरवी होती. मधोमध ताटाएवढा जुना निळा गोल तसाच, आणि त्यातून माश्यांची ये-जा चालू.

"काय बगतेस?" अब्बा खेकसले. "त्यांनी जायाचं कुटनं मग?"

नसीमने डोळे पुसले, पर्समधली झोन मोजायची पट्टी काढून गोलावर धरली. पट्टी पुरेना.

"मॅडम," ती म्हणाली, "एवढा मोठा झोन आपल्याला कधीच मिळाला नव्हता."